डोमिनिका: कॅरिबियनमध्ये रिसॉर्टबाहेरचे आठ दिवस

फेब्रुवारीत न्यू जर्सीला मुलाकडे गेल्यावर तिथून आठ दिवसांसाठी एखाद्या कॅरिबियन बेटावर जायचे आहे, पण खाण्यापिण्यासह एकरकमी पैसे भरून किनाऱ्यावरच्या रिसॉर्टमध्ये पडून राहायचे नाही, तर कुठे जावे, असे आपण विचारले आहे. आपण दोघे साठीच्या आसपास आहात, शाकाहारी आहात, पोहता येत नाही आणि सह्याद्रीतले किल्ले अजूनही चढता, हेही आपण कळवले आहे. कॅरिबियन बेटांवरच्या सहली आखणे हे माझे बऱ्याच वर्षांचे काम आहे, आणि एवढ्या माहितीवर मी एकच बेट सुचवीन: डोमिनिका. बार्बाडोस, अँटिग्वा किंवा जमैका येथेही रिसॉर्टच्या कुंपणाबाहेर पाहण्यासारखे पुष्कळ आहे. पण तिथला पर्यटनाचा सारा पसारा वाळूच्या कडेने मांडलेला असल्यामुळे बेटाच्या आतल्या भागात राहायचे म्हटले की प्रत्येक सोय स्वतः शोधावी लागते. डोमिनिकात मुक्कामाच्या जागा, वाटाडे आणि पायवाटा मुळातच डोंगराच्या हिशेबाने आहेत.

नावातला घोळ आधीच मिटवून टाकू. डोमिनिकन रिपब्लिक हा हैतीला लागून असलेला, स्पॅनिश बोलणारा, कितीतरी मोठा देश आहे आणि रिसॉर्टसाठीच प्रसिद्ध आहे. डोमिनिका हे ग्वादेलूप आणि मार्टिनिक या दोन फ्रेंच बेटांच्या मधले, सुमारे ७५० चौरस किलोमीटरचे आणि सत्तर हजारांच्या आसपास वस्तीचे स्वतंत्र राष्ट्र असून ३ नोव्हेंबर १९७८ रोजी ते ब्रिटनपासून स्वतंत्र झाले. सरकारी भाषा इंग्रजी आहे, तर घरात आणि बाजारात फ्रेंच वळणाची क्रिओल बोलली जाते. तिकीट काढताना विमानतळाची सांकेतिक अक्षरे डीओएम आहेत ना, एवढे पाहून घ्या. चुकीच्या देशाचे तिकीट काढणारे लोक आजही भेटतात.

इथे मोठी रिसॉर्ट का उभी राहिली नाहीत, हे समजले की बेट कसे पाहावे हेही आपोआप कळते. हे बेट म्हणजे समुद्रातून उभे राहिलेले ज्वालामुखींचे डोंगर आहेत. त्यांतले नऊ ज्वालामुखी आजही संभाव्य जागृत मानले जातात आणि मॉर्न दियाब्लोतँ हे सर्वांत उंच शिखर १,४४७ मीटरचे आहे. सपाट जमीन फार थोडी, किनाऱ्याची वाळू बहुतेक ठिकाणी काळी आणि अटलांटिकच्या बाजूचा समुद्र खवळलेला, त्यामुळे जाहिरातीतला पांढरा किनारा इथे सापडत नाही. मोठी विमाने उतरतील अशी धावपट्टी नव्हती आणि कित्येक दशके सारी अर्थव्यवस्था ब्रिटनला जाणाऱ्या केळ्यांवर चालली. नव्वदच्या दशकात जागतिक व्यापाराच्या नियमांपुढे त्या केळ्यांचे संरक्षण गेले, तेव्हा पर्यटनाकडे वळताना या देशाजवळ होते ते फक्त जंगल, गरम पाण्याचे झरे, नद्या आणि पायवाटा. माझ्या मते तेच त्याच्या पथ्यावर पडले.

कागदपत्रांचे पाहू. भारतीय पासपोर्टवर पर्यटनासाठी डोमिनिकाचा व्हिसा आधी काढावा लागत नाही. परतीचे तिकीट आणि राहण्याचा पत्ता मात्र विचारला जातो. नियम बदलत असतात, म्हणून तिकीट काढण्याआधी तो एकदा पडताळून घ्या. खरी अडचण वाटेतली आहे. मायामीहून थेट विमान आहे आणि आपल्याजवळ अमेरिकेचा अनेक प्रवेशांचा व्हिसा असेल तर प्रश्न येत नाही. पण परतताना अमेरिकेतल्या वास्तव्याची सहा महिन्यांची मुदत नव्याने मिळेल असे धरून चालू नका, कारण शेजारच्या बेटांवरून आलेल्या पाहुण्याला जुनीच मुदत पुढे चालू ठेवून दिली जाऊ शकते. मुलगा सोबत येणार असेल आणि तो एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असेल, तर त्याच्या पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का मुदतीत आहे का ते आधी पाहा. मुदत संपलेल्या शिक्क्यावर कॅनडा किंवा मेक्सिकोहून थोड्या दिवसांत परत येण्याची जी सवलत आहे, ती त्या व्हिसाला डोमिनिकाहून येताना लागू होत नाही. ग्वादेलूप किंवा मार्टिनिकहून फेरीबोटीने जाणे सुंदर असले तरी त्या बेटांना युरोपसाठीचा नेहमीचा शेंगेन व्हिसा चालत नाही. फ्रान्सच्या त्या प्रांतांसाठी वेगळी परवानगी लागते. आठ दिवसांसाठी हा खटाटोप करू नये.

आता आखणी. बेट जेमतेम पन्नास किलोमीटर लांब असले तरी रस्ते डोंगराला वळसे घालत जातात आणि नकाशावर अर्ध्या तासाचे वाटणारे अंतर सहज सव्वा तास घेते. म्हणून रोज मुक्काम हलवू नये, आणि एकाच ठिकाणी राहून रोज बेटभर फिरूही नये. पहिल्या चार रात्री दक्षिणेत, राजधानी रोझोच्या वरच्या खोऱ्यात, त्राफल्गार, वॉटन वेव्हन किंवा लोडा या गावांपैकी एका गावी घालवाव्यात आणि उरलेल्या रात्री उत्तरेला, पोर्ट्समथ किंवा कॅलिबिशीच्या बाजूला. फेब्रुवारी ते मे हा कोरडा काळ म्हणतात खरे, पण ज्या बेटाच्या अंतर्भागात वर्षाला सात हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तिथे कोरडा म्हणजे कमी ओला एवढाच अर्थ घ्यावा. कोणत्या दिवशी काय पाहायचे हे घरूनच ठरवून न ठेवता दक्षिणेतल्या चार दिवसांचा क्रम रोज संध्याकाळी यजमानाला आणि वाटाड्याला विचारून लावावा. पावसाने एक दिवस मोडला म्हणून सगळा बेत कोसळत असेल, तर तो बेत या बेटासाठी केलेलाच नव्हता.

या चारपैकी सर्वांत चांगला दिवस उकळत्या तळ्यासाठी राखून ठेवा. मॉर्न त्र्वा पितों राष्ट्रीय उद्यानात, सुमारे सात हजार हेक्टरांच्या त्या रानात, हे तळे आहे. १९९७ मध्ये युनेस्कोने या उद्यानाला जागतिक वारशाचा दर्जा दिला. तळे सुमारे साठ मीटर रुंद आहे आणि ते ज्वालामुखीचे मुख नसून पाण्याखाली गेलेले धूमरंध्र आहे: जमिनीतल्या भेगेतून तप्त वायू आणि वाफ वर येत राहते, आजूबाजूच्या ओढ्यांचे आणि पावसाचे पाणी त्या खळग्यात उतरते, आणि मध्यभागी राखाडी निळे पाणी सतत खदखदत असते. काठाजवळचे पाणीही ऐंशी ते नव्वद अंशांच्या घरात असते. १८७०च्या दशकात त्याची पहिली लेखी नोंद झाली. २००४च्या अखेरीस ते अचानक आटले आणि पुढल्या वर्षी पुन्हा भरले, म्हणजे आपण पाहाल ते तळे खालच्या उष्णतेच्या आणि पाण्याच्या हिशेबावर टिकलेले आहे. म्हणूनच काठावर खाली उतरण्याचा मोह टाळायचा. घसरण्याचा धोका आहेच, शिवाय तिथे साचणारे वायू घातक असतात.

वाट लोडा गावाजवळ सुरू होते आणि जाऊनयेऊन सहा ते सात तास घेते. पहिला टप्पा दाट जंगलातून ब्रेकफास्ट नदीपर्यंत जातो. ओंडके आडवे घालून केलेल्या पायऱ्या वर्षभर ओल्या असतात, त्यामुळे गुडघ्यांना खरा त्रास चढण्यापेक्षा उतरताना होतो. त्यानंतर साडेनऊशे मीटरहून उंच असलेल्या मॉर्न निकोल्सच्या माथ्यावरून, ढग नसतील तर, दोन्हीकडचा प्रदेश आणि दूरवर तळ्याची वाफ दिसते. तिथून उतरले की उजाड दरी लागते. ओढे कुठे पांढरे, कुठे काळे, कुठे गंधकाने पिवळे झालेले आहेत, पायाखालची जमीन गरम लागते आणि वाटाडे उकळत्या झऱ्यात अंडी शिजवून खातात. (आपण अंडी खात नसाल तर शिदोरी सोबत न्या, वाटेत काहीही मिळत नाही.) या दरीत वाट दगडांवर रंगवलेली नाही, आणि जिथे काल पाऊल टाकले तिथले कवच आज पातळ झालेले असू शकते. म्हणून वाटाड्याशिवाय जाऊ नका, हा माझा सल्ला नव्हे तर अट समजा. राजगड पायथ्यापासून चढून त्याच दिवशी उतरल्यावर दुसऱ्या दिवशी आपले पाय चालत असतील, तर हा पल्ला आपल्याला जमेल. शंका असेल तर मॉर्न निकोल्सपर्यंत जाऊन परत फिरण्यात कमीपणा नाही, पण हे वाटाड्याला सकाळीच सांगून ठेवावे. सहाला निघावे. या तळ्याकडे नेणाऱ्या रज्जुमार्गाचे कामही हाती घेतलेले आहे. त्याने ज्यांना चालवत नाही त्यांची सोय होईल, पण चालू शकणाऱ्याने चालावे असेच मी म्हणेन.

दुसरा दिवस पायांना विश्रांती. वॉटन वेव्हनमध्ये गंधकयुक्त गरम पाण्याची कुंडे आहेत आणि कालच्या चालीनंतर तिथे तासभर बसण्यासारखा उपाय नाही. त्राफल्गारचे जोड धबधबे पंधरा मिनिटांच्या चालीवर आहेत. पाचूच्या रंगाचे एमराल्ड पूलही तितकेच सोपे आहे. या दोन्ही जागी क्रूझ जहाजाच्या दिवशी बसगाड्यांची रांग लागते, म्हणून रोझो बंदराचे जहाजांचे वेळापत्रक आधी पाहून त्या दिवशी दुसरीकडे जावे किंवा दुपारी उशिरा जावे. तितू घळीत अरुंद कड्यांमधून पोहत धबधब्यापर्यंत जातात. पोहता येत नसल्यास ती सोडून द्या, आणि वरच्या डोंगरात पाऊस पडला असेल तर पट्टीच्या पोहणाऱ्यानेही सोडून द्यावी.

दक्षिण टोकाला स्कॉट्स हेड येथे जमिनीचा चिंचोळा पट्टा आहे, त्याच्या एका अंगाला अटलांटिक आणि दुसऱ्या अंगाला कॅरिबियन समुद्र. तिथूनच सुमारे १८५ किलोमीटर लांबीची, चौदा टप्प्यांची वाइतुकुबुली ही पायवाट सुरू होऊन उत्तरेच्या काब्रिट्सपर्यंत जाते. ती २०११ मध्ये खुली झाली. पण २०१७च्या वादळानंतर काही टप्प्यांची अवस्था सारखी राहिलेली नाही, तेव्हा आपल्यासाठी एखादा छोटा टप्पा पुरे आणि तोही स्थानिक माणसाला विचारूनच.

त्या वादळाविषयी माहिती असावी, कारण ते प्रत्येक गप्पांमध्ये येते. १८ सप्टेंबर २०१७च्या रात्री मारिया हे पाचव्या श्रेणीचे वादळ बेटावरून गेले आणि झालेले नुकसान देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या दुपटीहून अधिक होते. त्याआधी ऑगस्ट २०१५ मध्ये एरिका वादळाच्या पावसाने आग्नेयेकडचे पेतीत सावान हे बे नावाच्या झाडाच्या पानांपासून काढलेल्या तेलासाठी प्रसिद्ध असलेले गाव दरडींनी असे उद्ध्वस्त केले की तिथल्या लोकांना दुसरीकडे वसवावे लागले. लोक हे शांतपणे सांगतात. उत्सुकतेने छपरांचे फोटो काढत बसण्यापेक्षा ऐकून घेणे बरे.

उत्तरेकडे जाताना पूर्व किनाऱ्याने जावे, म्हणजे वाटेत कालिनागो लोकांचा प्रदेश लागतो. युरोपीय येण्याआधीपासून या बेटांवर राहणाऱ्या या लोकांसाठी १९०३ मध्ये सुमारे ३,७०० एकरांचा प्रदेश राखून ठेवला गेला आणि आज तिथे तीनेक हजार लोक राहतात. जमीन सामूहिक मालकीची असल्याने ती विकता येत नाही आणि बँकेकडे गहाणही ठेवता येत नाही. त्यामुळे धंद्यासाठी कर्ज मिळणे अवघड जाते आणि पाहुण्याने दिलेले मुक्कामाचे किंवा टोपलीचे पैसे तिथे खरोखर उपयोगी पडतात. एक रात्र एखाद्या कुटुंबाकडे राहावे, असे मी आग्रहाने सांगतो. लारुमा नावाच्या वेतासारख्या वनस्पतीच्या टोपल्या रस्त्याकडेच्या टपऱ्यांवर मिळतात. घासाघीस करू नये. कसावाची भाकरी मोठ्या तव्यावर भाजताना पाहायला मिळते, आणि ज्या कंदापासून आपल्याकडे साबुदाणा होतो तोच हा कंद. बारना ओते या आदर्श वस्तीत माहिती नीट मिळते, पण तेवढेच पाहून पुढे जाणाऱ्यांना हे लोक भूतकाळातले वाटू लागतात. ते तसे नाहीत: ऑक्टोबर २०२३ पासून देशाच्या राष्ट्राध्यक्ष असलेल्या सिल्व्हानी बर्टन या याच समाजातल्या आहेत, आणि त्या पदावर आलेल्या पहिल्या स्त्रीही.

पोर्ट्समथला पोहता न येणाऱ्यासाठी उत्तम सकाळ आहे. इंडियन रिव्हरवर इंजिनाच्या बोटींना बंदी असल्याने वल्ह्याच्या होडीतून जावे लागते. दोन्ही काठांवर रक्तासारखा चीक असलेल्या झाडांची पाखासारखी मुळे पाण्यात उतरलेली दिसतात. दुपारी काब्रिट्सच्या फोर्ट शर्लीवर जावे. किल्ल्यांची आवड असलेल्या मराठी माणसाला तटाबुरुजांपेक्षा तिथला १८०२चा उठाव अधिक बोलका वाटेल: ब्रिटिशांच्या आठव्या वेस्ट इंडिया रेजिमेंटमधल्या आफ्रिकी गुलाम सैनिकांनी हा किल्ला ताब्यात घेतला. उठाव मोडून काढला गेला, पण १८०७ मध्ये ब्रिटिश सैन्यातल्या अशा सैनिकांना स्वातंत्र्य देण्यात आले. सिसेरू या राष्ट्रध्वजावरच्या पोपटासाठी सिंडिकेटच्या रानात पहाटे जाता येते. मारियानंतर तो फार विरळ झाला आहे. जाको हा दुसरा पोपट दिसला तरी समाधान मानावे.

समुद्र अगदीच टाळू नका. पश्चिम किनाऱ्यालगत तळ एकदम खोल जातो आणि म्हणून स्पर्म व्हेल जातीचे देवमासे इथे वर्षभर राहतात, त्यातही माद्या आणि पिल्ले. पाण्याखाली ध्वनिग्राहक सोडून त्यांचे टकटक आवाज ऐकत बोट त्यांचा माग काढते. नोव्हेंबर २०२३ मध्ये सरकारने त्यांच्यासाठी सुमारे ७८८ चौरस किलोमीटरचे राखीव क्षेत्र जाहीर केले. बोटीवरून पाहणे पुरेसे आहे.

रोझो शहराला अर्धा दिवस द्या. शनिवारी सकाळचा बाजार, वनस्पती उद्यानात १९७९च्या डेव्हिड वादळात बाओबाबच्या (गोरखचिंचेच्या) झाडाखाली चिरडलेली आणि तशीच ठेवलेली शाळेची बस, आणि विंडसर पार्क मैदान. याच मैदानावर मुंबईच्या मैदानांत घडलेल्या यशस्वी जयस्वालने जुलै २०२३ मध्ये कसोटी पदार्पणात १७१ धावा केल्या, आणि टॅक्सीवाल्याला भारताचे नाव सांगितले की बोलणे तिथेच येऊन पोहोचते. फेब्रुवारी २०२१ मध्ये भारताने दिलेले करोना लशीचे ७०,००० डोसही अनेकांच्या लक्षात आहेत; ती लस पुण्यात तयार झालेली होती. कार्निव्हल कधी आहे तेवढे पाहा. लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या काळाच्या, अगोदरच्या सोमवारी आणि मंगळवारी बाकी सारे बंद असते आणि खोल्या कित्येक महिने आधी भरतात.

जेवणाची चिंता फार करू नका. कालालू हे इथले राष्ट्रीय सार अळूच्या पानांचे असते. त्यात खेकडा किंवा खारवलेले मांस घालण्याची पद्धत आहे, म्हणून “मांस नको” एवढे न म्हणता खेकडा आणि मासळीही नको असे स्पष्ट सांगावे. अळकुड्या, कोनफळाच्या जातीचे कंद, कच्ची केळी यांना एकत्रितपणे प्रोव्हिजन्स म्हणतात आणि ती प्रत्येक ताटात असतात. निखाऱ्यावर भाजलेला नीरफणस कोकणातल्या माणसाला विशेष आवडेल. रास्ताफारी पंथाच्या लोकांच्या, त्यांच्या आहारनियमांनुसार चालणाऱ्या ‘इटल’ खानावळी मांसाशिवाय चालतात. तिखट मसाला मात्र सोबत न्या. जुन्या पुस्तकांत “माउंटन चिकन” हा पदार्थ वाचला असेल, तर तो कोंबडीचा नसून एका मोठ्या बेडकाचा होता. बुरशीच्या रोगाने तो बेडूक नष्ट होण्याच्या बेतात आहे आणि त्याची शिकार बंद आहे.

गाडी डाव्या बाजूने चालते, म्हणून भाड्याची गाडी घ्यावीशी वाटेल. परवाना सहज मिळतो. पण रस्त्याकडेच्या उघड्या खोल गटारी आणि आंधळी वळणे पाहता आपण दोघांनी मुक्काम बदलण्यासाठी टॅक्सी आणि एरवी “एच” अक्षराच्या पाटीच्या छोट्या बस वापराव्यात. त्या भरल्या की सुटतात, संध्याकाळी लवकर थांबतात आणि रविवारी जवळजवळ नसतात. पूर्व कॅरिबियन डॉलरचा दर अमेरिकी डॉलरला २.७० असा बांधलेला आहे. गावांत रोख लागते. वीज २३० व्होल्टची असल्याने भारतातले चार्जर चालतात, अमेरिकेत घेतलेली उपकरणे तपासून घ्या. प्रवास विम्यात हवाई मार्गाने दुसऱ्या देशातल्या रुग्णालयात हलवण्याचा खर्च धरलेला आहे ना, हे कलम वाचूनच विमा घ्या.

शेवटची रात्र कॅलिबिशी किंवा मॅरिगॉटच्या बाजूला ठेवा. डग्लस-चार्ल्स विमानतळ ईशान्येला आहे आणि रोझोहून तिथे पोहोचायला एरवी सव्वा ते दीड तास लागतो, पण रात्रीच्या पावसाने रस्त्यावर दरड आली तर किती लागेल हे कोणी सांगू शकत नाही.